तराजूत तोललेली चुरस

१९ जून २०१६ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांची मोटार-शर्यत संपावयास अवघी तीन-साडेतीन मिनिटे उरली होती. टोयोटाची पाच क्रमांकाची मोटार आघाडीवर होती. पाठलाग करणाऱ्या पोर्शला तिला गाठण्याची फारशी आशा उरली नव्हती. १९८५ पासून टोयोटाची माणसे या शर्यतीत येत होती आणि विजयावाचून परतत होती. आज ते सारे फिटणार असे दिसत असतानाच चालक काझुकी नाकाजिमा याचा आवाज रेडिओवर आला : मोटारीत शक्ती नाही. मोटार हळूहळू रडतखडत आली आणि आपल्याच संघाच्या डोळ्यांदेखत, समाप्तिरेषेपाशी उभी राहिली. पोर्श बाजूने निघून गेली आणि जिंकली. नाकाजिमाने कशीबशी शेवटची फेरी पुरी केली. पण त्या फेरीस नियमाने घालून दिलेल्या सहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागल्याने टोयोटाला दुसरा क्रमांकही मिळाला नाही. चोवीस तासांत ३८४ फेऱ्या पळून निकालपत्रात तिचे स्थान शून्य. टर्बोचार्जरमधून येणारी हवा वाहून नेणाऱ्या नळीचा एक जोड निखळला होता, एवढेच नंतर निष्पन्न झाले.

मनोरंजनाचा प्रचलित हिशेब लावला तर या प्रसंगात रंजक असे काहीच नव्हते. कोणी कोणाला मागे टाकले नाही, चाकाला चाक घासले नाही, शेवटच्या वळणावर झुंज झाली नाही. एक मोटार थांबली आणि दुसरी पुढे गेली. तरीही ज्यांनी तो शेवट पाहिला ते तो विसरणे शक्य नाही. आणि त्याचे कारण त्या तीन मिनिटांत नसून त्याआधीच्या तेवीस तास सत्तावन्न मिनिटांत आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतील चुरस ही अशी साचत जाणारी गोष्ट असते. अलीकडच्या काळात मात्र ही चुरस साचण्याची वाट न पाहता ती आधीच मोजूनमापून तयार करण्याचा प्रयत्न चालू झाला आहे आणि त्यावरून मोटार-शर्यतींच्या जगात तीव्र मतभेद आहेत. हा वाद केवळ काही श्रीमंत कारखान्यांपुरता नाही. स्पर्धा म्हणजे काय आणि तमाशा म्हणजे काय, आणि प्रेक्षकाने पैसे मोजावयाचे ते कशासाठी, असा तो प्रश्न आहे.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ल माँ हे पॅरिसच्या नैऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेले शहर. तेथील शर्यतमार्ग १३ किलोमीटर ६२६ मीटर लांबीचा असून त्याचा बराच भाग हा एरवीचा सार्वजनिक रस्ता आहे. वर्षभर तेथून दुधाच्या आणि भाजीच्या गाड्या जातात. जूनमधील एका शनिवारी दुपारी साठएक मोटारी सुटतात आणि रविवारी दुपारी त्याच वेळी, जी सर्वांत अधिक अंतर कापील ती विजयी ठरते. एका मोटारीस तीन चालक असतात व ते आळीपाळीने चालवतात. सर्व मोटारी एका जातीच्या नसतात. अतिवेगवान अशा वरच्या वर्गातील मोटारी आणि साध्या रस्त्यावरच्या मोटारींशी नाते सांगणाऱ्या खालच्या वर्गातील मोटारी एकाच वेळी, एकाच मार्गावर धावत असतात. त्यामुळे जलद मोटारीच्या चालकाला रात्रभर अंधारात मंद मोटारींना ओलांडत राहावे लागते आणि मंद मोटारीच्या चालकाला रात्रभर आरशात पाहत राहावे लागते. पाऊस येतो, धुके उतरते, टायर बदलावे लागतात, इंधन भरावे लागते. ही शर्यत संपूर्ण पाहिलेला प्रेक्षक जवळजवळ नसतोच. लोक तंबू ठोकतात, जत्रेतल्या पाळण्यात बसतात, खातात-पितात, झोपतात आणि पहाटे उठून विचारतात की पुढे कोण आहे. आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या कीर्तनाला वा दशावताराला बसणाऱ्या श्रोत्यांना ही वृत्ती अपरिचित वाटू नये.

ही शर्यत प्रथम २६ आणि २७ मे १९२३ रोजी झाली. त्या वेळची कल्पना आज पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे. सर्वांत पुढे कोण राहिला याला त्या वर्षी अधिकृत महत्त्वच नव्हते! प्रत्येक मोटारीला तिच्या एंजिनाच्या आकारमानाप्रमाणे अंतराचे एक लक्ष्य ठरवून दिलेले होते. ते गाठले की ती मोटार उत्तीर्ण. मोठ्या मोटारीला लक्ष्य मोठे, लहानीला लहान. अशा उत्तीर्ण मोटारींनीच पुढील वर्षांच्या फेरीत उतरावयाचे आणि तीन वर्षांनी करंडकाचा निर्णय लावावयाचा, अशी ती योजना. ३३ मोटारी सुटल्या आणि ३० पोहोचल्या. चिखलाने भरलेल्या, न सांधलेल्या रस्त्यांवर त्या काळी ही गोष्ट थोडी नव्हती. लागाश आणि लेओनार या दोघांच्या शनार-वॉल्कर मोटारीने सर्वांत अधिक म्हणजे २२०९ किलोमीटर अंतर कापले, आणि लोकांनी मात्र आपल्या पद्धतीने त्यांनाच विजेते ठरवून टाकले. तीन वर्षांच्या करंडकाचे त्रैराशिक सोडवत बसण्याची प्रेक्षकांची तयारी नव्हती. आयोजकांना जे मोजावयाचे होते ते एक आणि लोकांना जे पाहावयाचे होते ते दुसरे, ही फारकत अशी पहिल्याच वर्षी दिसून आली.

आकारमानानुसार लक्ष्य देण्याची ही पद्धत 'कामगिरीचा निर्देशांक' या नावाने पुढे अनेक दशके टिकली. एकूण शर्यत ब्रिटिश वा इटालियन मोटारींनी जिंकावी आणि निर्देशांकाचे पारितोषिक डीबी-पानारसारख्या चिमुकल्या फ्रेंच मोटारीने न्यावे, असे पन्नाशीच्या दशकात अनेकदा घडले. यजमानांनी आपल्या घरच्यांसाठी राखून ठेवलेले हे ताट आहे अशी कुजबुज तेव्हाही होत असे. परंतु त्या निर्देशांकाची एक बाजू ध्यानात घ्यावयास हवी : सूत्र आधी जाहीर होत असे, ते सर्वांना एकच होते, आणि शर्यतीआधी कोणाची मोटार किती वेगाने पळते हे पाहून ते बदलले जात नसे.

माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा या अर्थाने जे नाट्य या शर्यतीत होते त्याची परमावधी १९५२ साली झाली. प्येर लव्हेग नावाच्या मध्यमवयीन फ्रेंच चालकाने आपल्या टालबो मोटारीचे चक्र सहकाऱ्याच्या हाती द्यावयाचे नाकारले आणि तो एकटाच बावीस तासांहून अधिक काळ मोटार हाकत राहिला. चार फेऱ्यांची आघाडी होती. शर्यत संपावयास तासाभराहून थोडा अधिक अवधी उरला असताना एंजिन मोडले आणि विजय मर्सिडीजला मिळाला. त्याच मर्सिडीजने १९५५ मध्ये लव्हेगला आपल्या संघात घेतले. त्या वर्षी त्याची मोटार गर्दीवर कोसळून तो आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. मोटार-शर्यतींच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण अपघात होय. आज एका चालकाला एकूण चौदा तासांपेक्षा अधिक काळ चक्रावर बसता येत नाही. लव्हेगसारखा पराक्रम आता कोणी करू शकणार नाही, आणि कोणी करूही नये.

रंजनासाठी निकालालाच हात घालण्याचा प्रकार १९६६ साली घडला. फेरारी विकत घेण्याचा फोर्डचा प्रयत्न १९६३ मध्ये फसल्यानंतर या अमेरिकन कंपनीने फेरारीला तिच्याच अंगणात लोळवण्यासाठी पैशाच्या थैल्या मोकळ्या सोडल्या होत्या. १९६६ च्या शर्यतीत फेरारीचा फडशा पडला आणि पहिल्या तीन जागी फोर्डच्याच मोटारी आल्या. तेव्हा वरिष्ठांना छायाचित्राची हौस सुटली. केन माइल्स आणि डेनी हुल्म यांची मोटार पुढे होती. तिने वेग कमी करावा, ब्रुस मॅक्लॅरन आणि ख्रिस आमोन यांच्या मोटारीला बरोबर घ्यावे आणि दोघींनी एकाच वेळी रेषा ओलांडावी, असा हुकूम सुटला. कुस्तीच्या फडात याला नुरा कुस्ती म्हणतात. पण येथे वस्तादालाच डाव अंगलट आला. प्रारंभी मॅक्लॅरनची मोटार माइल्सच्या मोटारीच्या मागे काही अंतरावर उभी होती. तेव्हा एकाच वेळी पोहोचल्यास तिने तेवढे अंतर अधिक कापले असे होते, असा निर्णय अधिकाऱ्यांनी दिला. माइल्सने त्याच वर्षी डेटोना आणि सेब्रिंग येथील दोन्ही दीर्घ शर्यती जिंकल्या होत्या. ल माँ जिंकणे तेवढे उरले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका चाचणीत त्याचा मृत्यू झाला. २०१९ साली निघालेल्या हॉलिवूडच्या चित्रपटाने ही कथा जगभर नेली. चित्रपटात पुष्कळ मीठमसाला असला तरी ते छायाचित्र मात्र खरे आहे : पावसात तीन फोर्ड एकत्र येत आहेत, आणि त्यात शर्यत कोठेही नाही.

याच्या अगदी उलट चित्र तीन वर्षांनी दिसले. त्या काळी शर्यतीचा आरंभ मोठा प्रेक्षणीय असे. मोटारी एका बाजूला तिरप्या उभ्या, चालक रस्त्याच्या पलीकडे. निशाण पडताच त्यांनी धावत जाऊन मोटारीत उडी घ्यावयाची आणि सुटावयाचे. चार वाजता हे दृश्य पाहण्यासाठीच कित्येक जण येत. परंतु घाईत पट्टा बांधावयाचा राहून जाई. १९६९ साली चोवीस वर्षांच्या जॅकी इक्सने याचा निषेध म्हणून धावण्याचे नाकारले. तो सावकाश चालत गेला, पट्टा नीट बांधला आणि सर्वांच्या शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वूल्फची पोर्श उलटली आणि पट्टा न बांधलेला वूल्फ बाहेर फेकला जाऊन मरण पावला. चोवीस तासांनंतर इक्सची फोर्ड आणि हान्स हेरमानची पोर्श अखेरच्या फेऱ्यांत एकमेकींना पुनःपुन्हा मागे टाकत होत्या. सुमारे पाच हजार किलोमीटर पळून झाल्यावर इक्स जिंकला तो अंदाजे १२० मीटरांनी. ज्याने आरंभीचे काही सेकंद देखाव्याला नाकारले, त्यानेच या शर्यतीला तिचा सर्वांत रोमहर्षक शेवट मिळवून दिला. पुढच्या वर्षापासून धावण्याचा तो प्रकार बंद झाला. १९६९ च्या या शेवटी कोणी कोणाला थांबवले नव्हते, कोणाच्या मोटारीत दगड भरले नव्हते. फोर्डची ती मोटार तर आदल्या वर्षीच जिंकलेली, वयाने थकलेली होती.

नियमांनी चुरस घडवता येतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. नियमावाचून खेळच नाही. प्रश्न नियम कोणत्या जातीचा, हा आहे. १९८२ मध्ये 'गट क' या नावाने जी नियमावली आली ती या बाबतीत अभ्यसनीय आहे. एंजिन किती मोठे असावे, त्यात टर्बो असावा की नसावा, याविषयी तिने फारसे काही सांगितले नाही. तिने एवढेच सांगितले की एक हजार किलोमीटरला ६०० लिटर इंधन मिळेल. ल माँच्या चोवीस तासांना २६०० लिटर. त्यात काय करावयाचे ते ज्याचे त्याने पाहावे. वेगाने पळालात तर वाटेत इंधन संपेल. जपून पळालात तर मागे पडाल. पगार ठरलेला आणि महिना काढावयाचा, हा हिशेब मध्यमवर्गीय गृहस्थाला समजावून सांगण्याची गरज नाही.

शौकिनांनी तक्रार केली की चालक शर्यत करण्याऐवजी काटकसर करतात. तक्रार अगदीच खोटी नव्हती. शिवाय पोर्शने १९८१ पासून १९८७ पर्यंत सलग सात वर्षे ल माँ जिंकून चुरस मारली, हाही आक्षेप होता. पण पोर्शने आपल्या मोटारी खासगी संघांनाही विकल्या होत्या. १९८५ साली इंधनाचा वाटा २२१० लिटरपर्यंत खाली आला. योस्ट नावाच्या खासगी संघाने आदल्या वर्षी जिंकलेलीच मोटार पुन्हा आणली, आणि दुसऱ्या एका खासगी संघाच्या मोटारीशी आलटून-पालटून, एकमेकींच्या आडोशाने पळत इंधन वाचवले. प्रत्यक्ष पोर्श कारखान्याच्या नव्या मोटारी तेथे असताना योस्टने त्यांना हरवले. कारखान्याने विकलेल्या जुन्या मालाने कारखान्याचा नवा माल हरवावा, यापेक्षा अधिक रंजक गोष्ट कोणती? आणि ती घडली ती सर्वांना सारख्याच मिळालेल्या इंधनावर.

त्या दशकाच्या अखेरीस या शर्यतीचे वैचित्र्यही शिखरावर होते. १९८८ साली एका लहानशा फ्रेंच संघाने विजयाचा विचारच सोडून दिला आणि सहा किलोमीटर लांबीच्या सरळ रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरचा वेग ओलांडणे एवढेच ध्येय ठेवले. रोजे दोर्शी याने ताशी ४०५ किलोमीटर वेग गाठला. मोटार नंतर लवकरच बाद झाली. संघ समाधानाने घरी गेला. १९९० पासून त्या सरळ रस्त्यावर दोन कृत्रिम वळणे घातली गेल्याने हा विक्रम बहुधा कायमचाच त्यांच्या नावावर राहील. १९९१ मध्ये माझदाची त्रिकोणी चक्रपट्टी असलेल्या रोटरी एंजिनाची मोटार जिंकली. ल माँ जिंकणारी ती पहिली जपानी मोटार. तिला ८३० किलो वजनाची सवलत होती, तर मर्सिडीज आणि जग्वार यांना १००० किलो वाहावे लागत होते. म्हणजे सवलतीने मिळालेला विजय आजच्या शोधात मुळीच निघालेला नाही. तथापि ती सवलत नियमपुस्तकात होती, हंगामाआधी ठरलेली होती, आणि माझदा जिंकेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यापाठोपाठ अधिकाऱ्यांनी साडेतीन लिटरच्या, ग्रां प्री मोटारींसारख्या एंजिनांची सक्ती केली. खर्च आभाळाला भिडला, कारखाने पळाले. १९९२ साली ल माँला केवळ २८ मोटारी सुटल्या आणि त्या वर्षानंतर जागतिक क्रीडा-मोटार अजिंक्यपद स्पर्धाच बंद पडली. नियम करणाऱ्यांची चूक किती महाग पडते याचे हे उदाहरण आयोजक आजही विसरलेले नाहीत.

आजच्या धोरणाचा उगम याच भीतीत आहे, आणि ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. एकविसाव्या शतकाची पहिली पंधरा वर्षे ऑडीची होती; २००० ते २०१४ या काळात तिने तेरा वेळा ल माँ जिंकले. या वर्चस्वातही २०११ सारखी शर्यत होऊन गेली. त्या वर्षी ऑडीच्या तीनपैकी दोन मोटारी अपघातात चक्काचूर झाल्या आणि उरलेल्या एकीने प्यूजोला चोवीस तासांनंतर चौदा सेकंदांहूनही कमी फरकाने हरवले. पण जानेवारी २०१२ मध्ये प्यूजो निघून गेली. २०१६ च्या अखेरीस ऑडी गेली. २०१७ नंतर पोर्श गेली. संकरित, म्हणजे पेट्रोल वा डिझेलला विजेची जोड असलेल्या, त्या मोटारींचा खर्च कोणालाच पेलेना. २०१८ साली टोयोटाला अखेर विजय मिळाला, तो प्रतिस्पर्धी नसलेल्या मैदानात. दुसरी तिचीच बहीण, आणि तिसरी आलेली मोटार बारा फेऱ्या मागे. ज्यांनी २०१६ चा रविवार पाहिला होता त्यांना टोयोटाच्या या आनंदात सहभागी होतानाही थोडे अवघडल्यासारखे झाले असेल. २०२१ आणि २०२२ मध्ये वरच्या वर्गात अवघ्या पाच मोटारी होत्या. टोयोटा सलग पाच वर्षे जिंकली.

मग तराजू आला. 'हायपरकार' या नव्या वर्गात दोन वेगवेगळ्या नियमावल्यांनुसार बांधलेल्या मोटारी एकत्र आणावयाच्या, काही स्वतंत्र रचनेच्या व काही ठरावीक सांगाड्यावरच्या, आणि त्यांच्यातील फरक वजन व शक्ती कमी-अधिक करून पुसून टाकावयाचा, अशी ही व्यवस्था. तिला 'कार्यक्षमतेचा समतोल' म्हणतात. जी मोटार वेगवान दिसेल तिच्यात वजन घाला वा तिची शक्ती घटवा. जी मागे पडेल तिला सैल सोडा. कारखानदारांना हे पसंत पडले. कोट्यवधी ओतूनही चार सेकंदांनी मागे राहण्याची भीती आता नाही, आणि खर्चही आटोक्यात. २०२३ मध्ये वरच्या वर्गातील मोटारी पाचांवरून सोळावर गेल्या, २०२४ मध्ये तेवीस झाल्या. २०२५ च्या शर्यतीला आयोजकांच्या हिशेबाप्रमाणे ३,३२,००० लोक आले. दिवाळखोरीत निघालेल्या दुकानाला इतकी गर्दी व्हावी, हे यश कोणीही नाकारू नये.

प्रश्न असा की या दुकानात नेमके काय विकले जाते. २०२३ ची शर्यत शताब्दीची होती. ल माँपर्यंत वजनांत बदल होणार नाही अशी पूर्वी समजूत होती. शर्यतीच्या तोंडावर मात्र टोयोटावर ३७ किलो चढवण्यात आले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पोर्शवर ३. पन्नास वर्षांनी वरच्या वर्गात परतलेली फेरारी जिंकली. १९६५ नंतरचा तिचा हा पहिला विजय. टोयोटा दुसरी आली. फेरारीच्या चालकांनी शर्यत उत्तम केली, त्यांनी चुका कमी केल्या, हे सर्व खरे आहे. पण ते तेरा किलो जर नसते तर, हा प्रश्न त्या विजयाला कायमचा चिकटला. टोयोटा जिंकली असती तर फेरारीच्या २४ किलोंविषयी हाच प्रश्न विचारला गेला असता. समतोलाचा हा दोष कोणा एकाच्या बाजूचा नाही. तो जो जिंकेल त्याच्या वाट्याला येतो.

या व्यवस्थेचा दुसरा दोष अधिक गंभीर होय. स्पर्धेच्या नियमांनीच संघांना या समतोलाविषयी जाहीरपणे भाष्य करण्यास, वृत्तपत्रांतून वा अन्य मार्गांनी, मनाई केली आहे. हेतू समजण्यासारखा आहे. प्रत्येक शर्यतीनंतर रडगाणे ऐकत बसण्याची आयोजकांची तयारी नसावी. पण परीक्षकाने गुण द्यावेत आणि विद्यार्थ्याने गुणांविषयी बोलूच नये, या रीतीने परीक्षेवरचा विश्वास वाढत नसतो. १९२३ चे लक्ष्य, १९८२ चे इंधन, १९९१ ची सवलत यांवर कोणालाही उघड वाद घालता येत होता. आज वाद होतच नाही असे नव्हे. तो उपाहारगृहांत आणि वाहनतळांवर, दबक्या आवाजात होतो. आणि दबक्या आवाजातील वाद नेहमीच सत्यापेक्षा अधिक वाईट शंका जन्माला घालतो. हुशार संघ मग आधीच्या शर्यतींत आपला खरा वेग झाकून ठेवतात, असा संशय प्रत्येक हंगामात व्यक्त होतो. तो खरा असो वा नसो, जेथे चांगले पळण्याची शिक्षा आहे तेथे असा संशय निर्माण होणारच.

तराजूच्या जोडीला आणखी एक साधन आहे. अपघात झाला वा पाऊस कोसळला की सुरक्षा-मोटार पुढे घालून सर्वांना रांगेत, संथ गतीने चालवले जाते. सुरक्षेसाठी हे आवश्यकच आहे. पण त्यात मोटारींमधील अंतरे मिटतात. अमेरिकेतील दीर्घ शर्यतींत ही पद्धत पूर्वीपासून रंजनाचे अंग मानली जाते. २०२३ पासून ल माँ येथेही मार्गावरील तीन सुरक्षा-मोटारींमागच्या रांगा एकत्र करून संपूर्ण ताफा जुळवण्याची रीत आली. २०२४ च्या पावसाळी रात्री तर चार तासांहून अधिक काळ सर्वजण सुरक्षा-मोटारीमागेच फिरत राहिले. त्या शर्यतीच्या शेवटी नऊ मोटारी एकाच फेरीत होत्या, आणि फेरारीने टोयोटाला चौदा सेकंदांनी हरवले. अंकांत पाहता २०२४ चे चौदा सेकंद आणि २०११ चे चौदा सेकंद यांत फरक नाही. परंतु २०११ चे चौदा सेकंद दोन कारखान्यांनी एकमेकांच्या तोंडातून ओढून काढले होते. २०२४ च्या चौदा सेकंदांत फेरारीचे कसब किती, पावसाचा वाटा किती आणि तराजूचा किती, हे वेगळे काढता येत नाही. प्रेक्षकाला ते वेगळे काढण्याची गरजच नसते, असे म्हणणारे आहेत. प्रेक्षकाविषयी त्यांचे मत फारसे चांगले दिसत नाही.

क्रिकेटच्या कसोटी सामन्याशी परिचित असलेल्यांना हा वाद नवा नाही. पाच दिवस खेळून सामना अनिर्णित राहावा हे अनेकांना असह्य होते; त्यातून मर्यादित षटके आली, मग ती आणखी मर्यादित झाली. पण तेथे निदान कोणी असे सुचवले नाही की ज्या फलंदाजाने आदल्या सामन्यात शतक केले त्याच्या बॅटला शिसे लावावे. चोवीस तास ही मुळात इतकी प्रदीर्घ मुदत आहे की ती स्वतःच बहुतेक फरक खाऊन टाकते. चार किलो वजनाने मिळालेला फायदा एका चुकीच्या टायर-बदलात, एका घसरलेल्या चाकात, पहाटे चार वाजताच्या एका डुलकीत निघून जातो. म्हणूनच या शर्यतीला शेवटच्या तासापर्यंत बरोबरीत आणून ठेवण्याची गरज इतर कोणत्याही शर्यतीपेक्षा कमी आहे. आणि म्हणूनच इतका तराजू चालवूनही ही शर्यत अजून पुरती मेलेली नाही, हेही मान्य करावयास हवे.

त्याचा प्रत्यय २०२५ साली आला. रोबेर्त कुबिका हा पोलिश चालक. २०११ च्या एका रॅलीत त्याचा उजवा हात जवळजवळ गेला होता. तो आणि चीनचा ये यिफेई हे दोघे २०२१ मध्ये ल माँच्या दुसऱ्या वर्गात आघाडीवर असताना त्यांची मोटार शेवटच्या फेरीत बंद पडली होती. त्या वेळी कारखाना त्यांचा नव्हता, मोटार त्यांची नव्हती. गेले ते केवळ चोवीस तास. २०२५ मध्ये हेच दोघे ब्रिटनच्या फिल हॅन्सनसह एका पिवळ्या रंगाच्या फेरारीत बसले. फेरारीच्या अधिकृत दोन लाल मोटारी बाजूला राहिल्या आणि ही खासगी मोटार जिंकली. शेवटचा टप्पा कुबिकाच्या हाती होता. दुसरी आली ती पोर्श. आदल्या पात्रता-फेरीनंतर ती वजनात कमी भरली म्हणून तिची वेळ रद्द झाली होती आणि वरच्या वर्गातील एकवीस मोटारींत तिला सर्वांच्या मागून सुटावे लागले होते. तेथून ती फेरारीच्या चौदा सेकंदांपर्यंत आली.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोर्शने जाहीर केले की सद्यःपरिस्थितीत हंगामाअखेर आपण या जागतिक मालिकेच्या वरच्या वर्गातून बाहेर पडत आहोत. अमेरिकेतील शर्यतींत मात्र राहू. ल माँ एकोणीस वेळा जिंकलेला, इतर कोणापेक्षाही अधिक वेळा जिंकलेला हा कारखाना. इकडे २०२७ पासून येणार म्हणून ज्यांनी घोषणा केली आहे त्यांत फोर्ड आणि मॅक्लॅरन ही दोन नावे आहेत. १९६६ च्या त्या छायाचित्रातील हीच दोन नावे. त्यांच्या मोटारींची वजने अद्याप ठरावयाची आहेत.